सिस्टर व्हावं का? ठाण्याच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय २६, घर माजिवड्याला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. सिस्टर, म्हणजे कॅथलिक नन, व्हावं असा विचार दोन वर्षांपासून मनातून जात नाही. वर्षभरापूर्वी ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यामुळे हे खरंच देवाचं पाचारण आहे की लग्नाच्या धसक्याने शोधलेली पळवाट, ते कळत नाही. शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय. घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचा म्हणून बाबा नव्या कर्जात तिचं नाव घालायचं म्हणताहेत. आईला यातलं काहीच माहीत नाही आणि येत्या रविवारी एक स्थळ येतंय. सिस्टरांच्या कोणत्या संस्थेत जावं तेही कळत नाही. चर्चमधल्या फादरना विचारलं तर ते म्हणाले, "प्रार्थना कर."

फादर चुकीचं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. प्रार्थना कशी करायची आणि तिच्यातून जे निघेल ते कोणाला दाखवायचं, हे राहून गेलं. मी स्वतः सिस्टर. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या शिक्षणाच्या घरात, मुलींना घडवण्याच्या कामात माझं निम्मं आयुष्य गेलं. आता नवी मुंबईत असते आणि अशा प्रश्नांसाठी येणाऱ्यांशी बोलते. तेव्हा उरलेलं अर्धं मी सांगते.

तुझं लिहिलेलं वाचताना मी आधी काळ बघितला. विचार दोन वर्षांचा आणि लग्न मोडलं वर्षभरापूर्वी. म्हणजे साखरपुड्याच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हाही हा विचार घरात येऊन बसलेलाच होता. मग लग्न मोडल्यामुळे तो आला, असं कसं म्हणता येईल? त्या वेळी हा विचार टाळायला म्हणून तू लग्नाला होकार दिला होतास का, हेही एकदा स्वतःला विचारून बघ. उत्तर काहीही येऊ शकतं. मला कळवायची गरज नाही, पण ते शोधायला हवं.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाक. हेतू शंभर नंबरी शुद्ध असेल तरच पाचारण खरं, असं नसतं. तसा हेतू घेऊन कॉन्व्हेंटच्या दारात आलेली एकही मुलगी मी पाहिलेली नाही. एखादीला घरातल्या रोजच्या कटकटीतून सुटायचं असतं, एखादीला शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरसारखं व्हायचं असतं, एखादीला नुसता तो पांढरा झगा आवडलेला असतो. देवालाही कुठून तरी सुरुवात करावी लागते. चर्चचा कायदा उमेदवाराकडे योग्य हेतू मागतो. त्याच्या आजूबाजूला इतर लहानसहान हेतू असणारच. त्यांतला वरचढ कोणता आणि महिने गेल्यावरही टिकून राहतो तो कोणता, एवढंच बघायचं.

पळवाट ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. असं धर की रविवारी येणारा मुलगा खरोखर चांगला निघाला. स्वभावाने मऊ, रविवारची चर्चमधली मिस्सा न चुकवणारा, तुझ्या नोकरीला हरकत नसलेला, आणि सासू-सासरे गावी. (हे शेवटचं मी मुद्दाम घातलंय.) आता या चित्रात स्वतःला नीट बसव, लग्नात, संसारात, मुलांच्या शाळेच्या रांगेत. सिस्टर होण्याचा विचार एका क्षणात विरघळला आणि तुला हायसं वाटलं, तर तो विचार म्हणजे चांगलं स्थळ येईपर्यंतचा निवारा होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खुशाल लग्न कर. पण चित्र सुंदर दिसूनही "हे छान आहे, पण माझं नाही" असं काहीतरी आत टोचत राहिलं, तर पुढे वाच. मोडलेल्या लग्नाचा राग अजून धगधगत असेल, सगळे पुरुष सारखेच असं वाटत असेल, तर मात्र आधी त्या जखमेकडे बघ. लग्नाचा तिटकारा घेऊन आलेली मुलगी तो तिटकारा कॉन्व्हेंटमध्येही घेऊन येते. दोन वर्षांत तो सुपिरियरवर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरवर, निघायला लागतो.

आता प्रार्थनेकडे. पाचारण ओळखण्याचं सगळ्यात कामाचं शिक्षण ज्यांनी दिलं ते संत इग्नेशियस स्वतः सैनिक होते. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या घरी महिनोन्‌महिने ते अंथरुणावर पडून राहिले. वेळ घालवायला ते दोन तऱ्हेची स्वप्नं बघायचे. एकात दरबार, शौर्य आणि एक उच्चकुलीन स्त्री. दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाणं. स्वप्न चालू असताना दोन्हींत सारखीच मजा यायची. फरक पडायचा तो नंतर. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर आनंद रेंगाळायचा. हा फरक त्यांच्या लक्षात आला आणि पुढची त्यांची सगळी शिकवण त्यावरच उभी राहिली.

तुलाही हेच करायचंय. ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडतेस ना? मोबाइल पर्समध्ये टाक आणि तेवढ्या वेळात दिवसभराकडे एकदा मागे वळून बघ. आज सिस्टर होण्याचा विचार कधी आला? कशानंतर आला? मॅनेजरने झापल्यावर, की काम मनासारखं झाल्यावर? आणि तो येऊन गेल्यावर मागे काय राहिलं, शांती, उत्साह, धडधड, की नुसता थकवा? घरी गेल्यावर वहीत दोनच ओळी लिही. तारीख घाल. चांगलं लिहायचा प्रयत्न करू नकोस. तीन महिने हे कर आणि मग सलग वाच.

एका मुलीची अशी वही मी तिच्याबरोबर बसून वाचली होती. ती म्हणायची, "सिस्टर, मला देव सारखा बोलावतोय." वहीत दिसलं ते वेगळंच. ते बोलावणं नेमकं अप्रेझलच्या आठवड्यात, वडिलांशी भांडण झाल्याच्या रात्री आणि मैत्रिणीच्या लग्नाहून परतताना यायचं. शांत, सुखाच्या दिवशी एकदाही नाही. वाचता वाचता तिला स्वतःलाच हसू आलं. मला काही सांगावंच लागलं नाही. दुसऱ्या एकीच्या वहीत नेमकं उलटं होतं. दिवस चांगला गेला, कोणाच्या तरी कामी पडले, आराधनेला बसले, की विचार यायचा आणि झोपेपर्यंत गोड वाटत राहायचं. वाईट दिवशी तिला सिस्टर होण्याची भीती वाटायची. ही दुसरी मुलगी आज व्रतस्थ आहे.

इग्नेशियस यांचे दोन नियम इथे पाठ करून ठेव. मन उदास आणि कोरडं असेल तेव्हा आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणजे वाईट आठवड्यात राजीनामा टाकायचा नाही आणि वाईट आठवड्यात "हे सगळं खूळ होतं" म्हणून वहीही फाडायची नाही. दुसरा नियम गुपितांचा. वाईट प्रवृत्ती लपूनछपून प्रेम करणाऱ्या फसव्या प्रियकरासारखी वागते, असं ते सांगतात. आपलं बोलणं कोणाच्या कानावर जाऊ नये असं तिला फार वाटतं. समजूतदार माणसासमोर ते बोलून टाकलं की तिचा निम्मा जोर संपतो.

म्हणून माणूस हवा. महिन्यातून एकदा तासभर ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा आध्यात्मिक मार्गदर्शक शोध. फादर असोत, सिस्टर असोत किंवा यात तयार झालेली एखादी संसारी व्यक्ती असो. मात्र तिने तुला आपल्या संस्थेत ओढू नये आणि तुझ्या वतीने निर्णयही देऊ नये. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" असं कोणी म्हणालं तर चहा संपवून निघ. भेट चर्चच्या ऑफिसात किंवा कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत, माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी होऊ दे. हा शिष्टाचार आहे आणि चांगले मार्गदर्शक तो स्वतःहून पाळतात.

संकेतांच्या मागे लागू नकोस. बायबल उघडून बोट ठेवणं, नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नवव्या दिवशी गुलाब मिळतो का बघणं, हे सगळं मी ऐकलंय. गुलाब मिळतो, आणि तरीही मुलगी सहा महिन्यांत घरी परत जाते. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत गरिबांसाठी बाहेर पडण्याची हाक आली. याहून स्पष्ट संकेत कोणता? तरीही कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये यांनी त्यांना थांबवून ठेवलं, पुनःपुन्हा प्रश्न विचारले. लॉरेटो कॉन्व्हेंटमधून त्या बाहेर पडल्या १९४८ मध्ये आणि त्यांच्या नव्या संस्थेला मान्यता मिळाली १९५० साली. हाक खरी असली तरी चर्च ती पारखून घेतं आणि पारखायला वेळ लागतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कसलीही मोठी उडी मारायला तुला कोणी सांगत नाहीये. "आयुष्यभराचा निर्णय" या शब्दांनीच तुझी झोप उडालीये. आत्ता ठरवायचं आहे ते इतकंच, की एका कॉन्व्हेंटला शनिवार-रविवार राहायला जायचं की नाही.

पुढची वाट कशी असते बघ. आधी एक-दोन भेटी, मग बहुतेक संस्थांचं 'कम अँड सी' शिबिर. त्यानंतर काही काळ उमेदवार म्हणून राहणं, मग पोस्ट्युलंट, म्हणजे नोव्हिशिएटची तयारी करणारी. त्यापुढे नोव्हिशिएट. ते कायद्याने किमान १२ महिन्यांचं आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचं. या १२ महिन्यांत मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ नोव्हिशिएटच्या घराबाहेर काढला तर ते धरलंच जात नाही, इतकं ते मुक्कामाचं काम आहे. नोव्हिसला कोणत्याही दिवशी घरी जाता येतं, कारण द्यावं लागत नाही. संस्थाही तिला परत पाठवू शकते. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत, वाढवली तर एकूण नऊपर्यंत. आणि मग कायमची व्रतं. मठातल्या, बाहेर न पडणाऱ्या सिस्टरांसाठी तर २०१८ पासून हे सगळं शिक्षण किमान नऊ वर्षांचं करून ठेवलंय. तू २७ व्या वर्षी आत गेलीस तर कायमचा शब्द देताना पस्तिशीच्या आसपास असशील. चर्चला अजिबात घाई नाही. ज्या संस्थेला घाई असेल तिथून लांब राहा.

(हे वाचणाऱ्या मुलांसाठी दोन ओळी. फादर व्हायचंय म्हणजे नेमकं काय व्हायचंय ते आधी ठरवा. धर्मप्रांताचा फादर आपल्या बिशपना आज्ञापालनाचं वचन देतो आणि ब्रह्मचर्य पाळतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. आपल्या मुंबई धर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे. जेझुइट, सेल्शियन, फ्रान्सिस्कन या संस्थांमध्ये मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तिन्ही व्रतं आणि सामूहिक जीवन आलं. वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय फादर म्हणून गुरुदीक्षा सहसा होत नाही. आणि ब्रदर म्हणजे फादर होता न आलेला माणूस नव्हे, व्रतं घेऊनही फादर न होण्याचं ते वेगळं पाचारण आहे.)

कॉन्व्हेंटला राहायला जाशील तेव्हा चॅपलमधलं गाणं ऐकून भारावू नकोस. गाणं सगळीकडेच चांगलं असतं. स्वयंपाकघरात जा. जेवणानंतर भांडी कोण घासतं? सुपिरियर घासते का? सगळ्यात म्हाताऱ्या सिस्टरच्या खोलीत कोणी डोकावतं का, की तिचं ताट दाराशी ठेवून जातात? संस्था सोडून गेलेल्यांबद्दल या बायका कसं बोलतात, तेही कान देऊन ऐक. तिथे तुच्छता ऐकू आली तर सावध हो.

दारिद्र्याचं व्रत काय असतं, ते प्रवचनात कळत नाही. ते हिशेबाच्या वहीत कळतं. आज तू महिन्याला जे कमावतेस त्यातून मनात आलं की बिर्याणी मागवतेस. उद्या तुला वाशीला डोळे तपासायला जायचं असेल तर सुपिरियरकडे पैसे मागावे लागतील. परत आल्यावर वहीत लिहावं लागेल: रिक्षा इतके, तिकीट इतकं, चहा एक. उरलेली नाणी टेबलावर. तिशीच्या बाईला हे पहिल्या महिन्यात गमतीचं वाटतं, दुसऱ्या वर्षी डोळ्यांत पाणी येतं. आज्ञापालनाचंही तसंच. आवडत्या शाळेतून, मुलांचा जीव लागलेला असताना, एका पत्रावर रायगडातल्या तळ्याला नाहीतर पालघरमधल्या तलासरीला बदली होते. ब्रह्मचर्याची अडचण लोक समजतात त्या जागी फार वेळ नसते. ती येते चाळिशीत. संध्याकाळी सगळ्या जणी कामाला गेलेल्या असतात, घर रिकामं असतं आणि आपलं म्हणावं असं एकही मूल नसतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं. आणि हे सगळं ऐकूनही पाय मागे वळत नसेल, तर ती मात्र चांगली खूण आहे.

आपल्या ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन मिशनरी तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांचा उल्लेख निघाला की मुलींचे डोळे चमकतात. चमकू देत. पण तुझं हौतात्म्य बहुतेक वेळा असं असेल: शेजारच्या खोलीतली सिस्टर पहाटे पाचच्या आधी चपला फटफटवत जाते, गेली नऊ वर्षं जाते, आणि तिला सांगून काही उपयोग नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे.

कोणती संस्था, याचं उत्तर मी देणार नाही, पण कसं शोधायचं ते सांगते. आधी एकच प्रश्न सोडव. तुला मुख्यतः प्रार्थनेत राहायचंय, की लोकांत काम करत प्रार्थना करायचीय? पहिलं असेल तर कार्मेलसारखे मठ बघ. दुसरं असेल तर शाळा, दवाखाने, अनाथाश्रम, आदिवासी पाडे अशा कामांपैकी जिथे तुझा जीव रमतो तिथल्या सिस्टरांकडे जा. दोन-तीन संस्था बघ, दहा नको. वेबसाइट बघून काही कळत नाही, सगळ्यांच्या वेबसाइटवर हसऱ्या सिस्टरच असतात.

मराठी मुलीने एक गोष्ट गृहीत धरावी. आपल्या भागातल्या बहुतेक कम्युनिटींत बोलणं-चालणं इंग्रजीत असतं. सोबतिणी केरळच्या, मंगळूरच्या, झारखंडच्या असतात. जेवणाच्या टेबलावर तू एकटीच मराठी असशील आणि कांदेपोह्यांची आठवण काढून रडशीलही. पण रायगड, पालघर, नाशिककडच्या मिशनमध्ये मराठी बोलणाऱ्या सिस्टरला लोक हातचं सोडत नाहीत. तुझी मराठी संस्थेला लागणारच आहे, हे संकोच न करता सांग. शेजारी कल्याणचा सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पौर्वात्य परंपरेतला, धर्मप्रांतही आहे. त्यांच्या सिस्टरांचं काम उत्तम आहे, पण उपासनेची रीत वेगळी. तू आपल्याकडच्या नेहमीच्या लॅटिन रीतीची असलीस तर अशा संस्थेत जाण्याआधी हे बोलून घे.

धोक्याच्या खुणाही ठाऊक असू देत. पहिल्याच भेटीत "कधी येतेस?" हा प्रश्न. "घरी सांगू नकोस" हा सल्ला. "नाही म्हटलंस तर देवाला दुखावशील" ही धमकी. सुपिरियरने मनातलं सगळं तिच्यापुढे उघड करायला भाग पाडणं. चर्चचा कायदा शेवटच्या गोष्टीला सरळ मनाई करतो. कन्फेशनसाठी आणि मार्गदर्शनासाठी सिस्टरला मोकळीक असलीच पाहिजे. जीवनाची अवस्था निवडताना कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, हा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा हक्क म्हणून कायद्यात लिहिलेला आहे. हा हक्क कॉन्व्हेंटपुढेही चालतो आणि आईबाबांपुढेही.

तब्येतीबद्दल. बहुतेक संस्था वैद्यकीय तपासणी करतात, अनेक जणी मानसशास्त्रीय चाचणीही घेतात. ती तुझ्या संमतीनेच होते. लग्न मोडल्यावर गोळ्या किंवा समुपदेशन घेतलं असशील तर लपवू नकोस. सांगितल्याने दार बंद होतंच असं नाही. मागाहून कळलं तर मात्र विश्वास जातो.

आता पैसे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्या उमेदवाराला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं कायदाच सांगतो. तेव्हा शिक्षणाचं कर्ज आधी फेड. संस्था फेडेल अशी आशा ठेवू नकोस आणि कोणी फेडतो म्हणालं तर घेऊही नकोस. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस मोकळेपणाने "मी परत जाते" म्हणू शकत नाही. हप्ता थोडा वाढवलास तर हा काळ वाया जाणार नाही, वही लिहायला तोच काळ मिळेल.

घोडबंदरच्या फ्लॅटच्या कर्जावर सही करू नकोस. या उत्तरातला हा सगळ्यात तातडीचा सल्ला आहे. सहकर्जदार म्हणून नाव लागलं की वीस वर्षं बँक तुझ्या पगाराकडे बघणार. तू गेल्यावर हप्ता बाबांच्या पेन्शनवर येईल आणि घरात तुझं नाव त्या हप्त्यासोबत घेतलं जाईल. लग्न झालं तरी ही सही अंगाशी येऊ शकते, म्हणून नकार द्यायला पाचारणाचं कारण पुढे करावंच लागत नाही. "माझं आधीचं कर्ज फिटू देत" एवढं पुरे. तुझी बचत, भविष्य निर्वाह निधी वगैरे जागच्या जागी राहू दे. पहिल्या व्रतांआधी मालमत्तेचा कारभार कोणाकडे सोपवायचा ते लिहून द्यावं लागतं, मालकी तेव्हा जात नाही. मृत्युपत्र तर कायमच्या व्रतांआधीच करायचं असतं. भेटीला गेल्या-गेल्या कोणी एटीएम कार्ड मागत असेल तर ती संस्था आपली नव्हे.

कागदपत्रांत बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, अविवाहित असल्याचा पुरावा आणि धर्मग्रामाच्या फादरांचं पत्र लागतं. दाखले नव्याने काढलेले मागतात. त्याची आत्ता गरज नाही.

आईला कधी सांगायचं? एक-दोन भेटी होऊन गेल्यावर, 'कम अँड सी'ला जाण्याआधी. आज सांगितलंस तर तुझ्याकडे सांगायला फक्त खळबळ आहे. तेव्हा सांगायला काहीतरी पाहिलेलं असेल. ती रडेल. "माझ्या पोरीत काय कमी होतं?" म्हणेल, मावशीला फोन करेल, मावशी रात्री नऊला घरी हजर होईल. वाद घालू नकोस. आईला धर्माबद्दल तक्रार नसते, तिला तुझ्या म्हातारपणाची आणि स्वतःच्याही म्हातारपणाची भीती असते. त्या भीतीला सरळ उत्तर दे: भाऊ काय करतोय, बाबांचं पेन्शन किती, आजारपणाचा विमा आहे का, सिस्टरला वर्षातून घरी येता येतं का. शेवटचा प्रश्न आईलाच त्या कॉन्व्हेंटच्या सुपिरियरला विचारू दे, तिला बरोबर घेऊन जा. खरोखर आईबाबा तुझ्या एकटीच्या कमाईवर असतील तर चांगली संस्था स्वतःच "थांब" म्हणेल. याच्या उलट, "आमची मुलगी सिस्टर होणार" म्हणून चाळभर मिरवणारी घरं मला जास्त काळजीत टाकतात. तिथल्या मुलीला परत यायला वाटच उरत नाही.

आणि नकार आला तर? नकार येतो. तो त्या घरासाठी असतो, तुझ्यासाठी नव्हे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये जेझुइटांसोबत धर्मशिक्षणाचं काम करत होते. त्यांना जेझुइट व्हायचं होतं, घेतलं नाही. ते व्यापारात शिरले, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, जपानला परतले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. १८६२ मध्ये ते संत झाले. आणि लिझ्यूच्या संत तेरेजाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, दोघांनाही तरुणपणी मठातून परत पाठवलं होतं, लुईंना तर लॅटिन येत नव्हतं म्हणून. दोघांनी लग्न केलं, २०१५ मध्ये नवरा-बायको एकत्रच संत म्हणून घोषित झाले. त्यांच्या जगलेल्या पाचही मुली सिस्टर झाल्या, पण हे मी तुझ्या आईला सांगणार नाही.

राहिला येता रविवार. मुलाला "बघू तरी" म्हणून बोलावू नकोस. तुझ्या मनाची परीक्षा घ्यायला तो ठाण्याला येत नाहीये, त्याचेही आईबाप आशेने येताहेत. आज रात्रीच बाबांना सांग की मागचं लग्न मोडल्यापासून तू अजून सावरली नाहीयेस आणि सहा महिने कोणतंही स्थळ नको. हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. मध्यस्थाला बाबांनीच फोन करावा आणि तोही शनिवारच्या आत, म्हणजे त्या लोकांचं गाडीभाडं फुकट जाणार नाही. सहा महिन्यांनी वही घेऊन मार्गदर्शकाकडे बस. तेव्हा स्थळ बघायचं ठरलं तर मोकळ्या मनाने बघ.